लोणच्याच्या बरणीवरची तबकडी

एकच गाणं तीनदा कशाला विकत घ्यायचं, असं विचारणाऱ्या माणसाशी मी आजवर धड बोललेलो नाही. बायकोनं विचारलं तेव्हा दोन दिवस अबोला धरला होता. प्रश्न साधा आहे, उत्तरही साधंच आहे. ते एकच गाणं नसतं. कंपनी एका साच्यावरून तबकड्या छापते, साचा झिजतो, मग कुठल्यातरी जुन्या तबकडीवरून नवा साचा करतात आणि त्यावर पुन्हा तेच नाव चिकटवतात. कधी सूर चढतो, कधी साथीचं वाद्य बुजतं, कधी शेवटचे चार क्षण कापले जातात. कापणाऱ्याला वाटतं, तिथं गाणं तर नाहीच, मग ठेवायचं कशाला. त्या कापणाऱ्यावर माझा राग आहे. दारव्ह्याच्या एका वकिलांवर आहे. आणि आणखी एका माणसावर आहे, त्याचं येईलच.

मी दारव्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. छप्पन साली माझे वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्षात मला ही नोकरी लागली. वकीलसाहेबांना साखरेचा आजार होता. डॉक्टरांनी मला रोज सकाळी त्यांच्या घरी इंजेक्शन द्यायला धाडायला सुरुवात केली. सुई दिल्यावर अर्ध्या तासानं जेवायचं असे आणि त्यांना चक्कर वगैरे आली तर बघायला मी तोवर थांबायचं, असा डॉक्टरांचा हुकूम होता. तो अर्धा तास वकीलसाहेब तबकड्या लावून काढत. मी दाराजवळच्या स्टुलावर बसत असे. माझं गाण्याचं सगळं शिक्षण त्या अर्ध्या-अर्ध्या तासांत झालं.

त्यांच्या दिवाणखान्यात सागवानी कपाट होतं आणि त्यात दोन-अडीचशे तबकड्या, प्रत्येकीवर नंबराची चिठ्ठी. एकदा गाणं संपलं, सुई शेवटच्या रेघेत खरखरत राहिली आणि साहेबांचा डोळा लागलेला. मी उठून सुई उचलायला हात पुढं केला. त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, "हात लावू नकोस. तुम्हा लोकांचे हात ओलसर असतात."

"कंपाउंडर लोकांचे, साहेब?" मी विचारलं.

त्यांनी स्वतः उठून सुई उचलली. उद्या सकाळी त्याच ओलसर हातानं मी त्यांचा दंड धरणार होतो, स्पिरिटचा बोळा फिरवणार होतो, सुई टोचणार होतो. दंडाला माझा हात चालत होता, तबकडीला चालत नव्हता. मी घरी आलो आणि भाकरी न खाताच बाहेर पडलो, इतका माझा संताप झाला होता. त्याच महिन्यात एका फिरत्या टॉकीजवाल्याकडून मी जुना चावीचा फोनो घेतला.

मग मला तो नादच लागला. बाजारच्या दिवशी कबाड्यांच्या पोत्यांत हात घालायचा आणि तबकडीवरच्या कागदाशेजारी, काळ्या भागात कोरलेला बारीक नंबर वाचायचा. नंबर तोच असला तरी शेपटाला एखादं अक्षर वेगळं असलं की साचा वेगळा. त्या एका अक्षरासाठी मी आर्णीपर्यंत सायकल मारलेली आहे. साठ-एकसष्टच्या सुमारास वकीलसाहेबांनी विजेचा नवा प्लेअर आणला आणि मुंबईहून प्लास्टिकच्या लाँग प्ले तबकड्या मागवायला लागले. त्या पुसायला त्यांना स्पिरिट हवं असे. सरकारी बाटलीतलं थोडं थोडं मीच नेऊन देत होतो. ते कापसाचा बोळा गोल फिरवत आणि तबकडी आरशासारखी लखलखत असे. दाराजवळच्या स्टुलावरून मी ते नीट बघून ठेवलं होतं.

त्याच सुमाराला दवाखान्यात बोरी अरबचे एक म्हातारे चाचा डोळ्यांत औषध घालून घ्यायला येऊ लागले. एकदा त्यांचं बोट कापलं होतं. पट्टी बांधताना मी पाहिलं, डाव्या हाताच्या नखांच्या मुळाशी कातडीला घट्टे पडलेले, नखांवर चर. शेतकऱ्याच्या हाताला असे घट्टे नसतात. मी विचारलं.

"सारंगी," ते म्हणाले. "नखाच्या मुळानं तार दाबा लागते. पन्नास वर्साचे घट्टे हायेत हे. आता कोनी बोलवत नाही, तरी जाऊन नाही राह्यले."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते एका गाणाऱ्या बाईंच्या साथीला होते, सात वर्षं. पहिल्या लढाईच्या आधी कंपनीच्या साहेबांनी मुंबईत त्या बाईंच्या तबकड्या भरल्या होत्या. गाणं संपल्यावर बाईनं आपलं नाव बोलायचं, असा साहेबाचा नियम होता, कारण तबकड्या छापायच्या विलायतेत आणि तिकडच्या कारागिरांना कुठली कोणाची हे कळायला हवं. मुलतानी रागाची तबकडी भरताना गाणं जरा लवकर संपलं. बाईंनी आपलं नाव घेतलं आणि थोडी जागा उरली म्हणून चाचांचंही घेतलं.

"कागदावर तं साथीवाल्याचं नाव कधीच नाही राहत," चाचा म्हणाले. "पन तिनं घेतलं. माह्या बापाचं नाव कुठंच नाही, त्याच्या बापाचं नाही. माह्यं हाये. गावात सांगतो तं पोट्टे हासतात, म्हणतात म्हातारा फेकून राह्यला. तबकडी म्या कधी आयकली नाही. कोनापाशी असंन तं आयकव मले."

ती मुलतानी माझ्याकडे होती. वकीलसाहेबांकडेही होती. माझ्या प्रतीवर नाव नव्हतं, नुसती खरखर. पण ती नंतरची छपाई होती आणि माझी समजूत अशी की साहेबांकडे असेल ती अस्सलच असेल. इथंच मी पहिली माती खाल्ली. मी चाचांना घेऊन वकीलसाहेबांच्या रविवारच्या बैठकीला गेलो.

चार-पाच प्रतिष्ठित मंडळी गादीवर बसली होती. मी साहेबांना सगळं सांगितलं. ते खूश झाले, त्यांना निकाल द्यायला फार आवडत असे. चाचांना जमिनीवर सतरंजी मिळाली. तबकडी सुरू झाली. पहिली ओळ होते न होते तोच चाचांनी मान हलवली आणि म्हणाले, "वकीलसाब, थे इतक्या वरून नव्हती गात. पेटीवर तिची पट्टी काळी चार. हे पांढरी सहा वाजून राह्यली."

मंडळी हसली. साहेबांनी बोट वर करून त्यांना गप्प केलं. गाणं संपलं. सुई शेवटच्या रेघेत गेली, खर्र खर्र वाजत राहिली. नाव नव्हतं, बाईंचंही नाही आणि चाचांचंही नाही.

"मियाँ," वकीलसाहेब म्हणाले, "माणूस विसरतो. तबकडी विसरत नाही."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते त्यांनी मंडळींकडे वळून पुन्हा एकदा म्हटलं. सत्तरी गाठलेल्या माणसाला सतरंजीवर बसवून, त्याच्याच हाताचं वाजवलेलं ऐकवून, त्याला खोटं पाडलं आणि वर सुपारी दिली. मी दाराशी उभा होतो. माझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही. नोकरी होती, उद्याचं इंजेक्शन होतं. ही कारणं मी पुष्कळदा स्वतःला दिली आहेत आणि एकही पटलेलं नाही.

मी चाचांना मोटारीच्या अड्ड्यापर्यंत पोचवायला गेलो. मोटार आल्यावर पायरीवर चढता चढता म्हणाले, "कायले आनलं तू मले इथं?"

घरी येऊन मी माझी प्रत लावली. फोनोला वेग कमी-जास्त करायची एक कळ असते. ती मी तसूतसूनं मागं घेत गेलो. शेजारच्या शाळेतली पेटी मागून आणली होती. काळी चारवर सूर येऊन बसला आणि बाईंचा आवाज बदलला. घाई गेली, किनरेपणा गेला, एक पोक्त बाई मन लावून गायला लागली, आणि तिच्या मागं सारंगी जागी झाली. मूळ तबकडी कमी वेगानं भरली असणार आणि आपण सगळे ती अर्धा सूर चढवून ऐकत होतो. म्हाताऱ्याला हे एका ओळीत कळलं होतं. अडीचशे तबकड्यांच्या धन्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. म्हणजे नावाबद्दलही म्हातारा खरंच बोलत असणार आणि साहेबांची प्रतही नंतरच्याच साच्याची असणार. त्याच दिवशी मी ठरवलं की जुनी, पहिली छपाई शोधायची आणि त्याच गादीसमोर वाजवायची.

मधल्या काळात कंपनीनं जुन्या गाण्यांची एक लाँग प्ले काढली आणि तिच्यात ही मुलतानीही आली. साहेबांनी ती मागवली. मी स्टुलावरून ऐकली. खरखर काढायच्या नादात सारंगी घोंगडीखाली घातल्यासारखी झालेली, सूर पांढरी सहाच, आणि शेवट तर इतका घाईनं बंद केलेला की तानपुराही धड संपत नव्हता. "किती स्वच्छ," दुसऱ्या सकाळीही साहेब म्हणत होते. मी त्यांचा दंड पुसत होतो. बोळा जरा जोरात घासला गेला असावा, कारण त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

शोधायला माझ्या नोकरीचा उपयोग झाला. कॉलऱ्याच्या साथीत आम्हाला गावोगाव सुया टोचायला पाठवत. मारेगावकडं गेलो, तिकडं दोन पेट्या तबकड्या पाहिल्या, सगळी नाटकाची पदं. मग महागावजवळच्या एका गावात, एका म्हाताऱ्या बाईच्या ओसरीवर सुया देत बसलो होतो. कोपऱ्यात लोणच्याच्या मोठ्या बरणीवर झाकण म्हणून एक तबकडी ठेवलेली होती, मधल्या भोकात चिंधी कोंबलेली. मी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि उठलो. तेल, हळद आणि बुरशी यांखाली कागदाचा रंगच कळत नव्हता. पण एकच बाजू भरलेली होती, दुसरी कोरी, म्हणजे फार जुनी. नखानं खरवडून नंबर वाचला. तोच होता, आणि शेपटाचं अक्षर नव्हतं, म्हणजे पहिलाच साचा.

"आजी, हे मले द्या," मी म्हणालो.

"घेऊन जा," ती म्हणाली. "पन मले झाकन पायजे."

मी दवाखान्याचं एनॅमलचं ताट तिला देऊन टाकलं आणि रजिस्टरात ते फुटलं म्हणून लिहिलं. ताट एनॅमलचं, फुटणार कसं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही.

घरी आल्या आल्या कोरड्या फडक्यानं जमेल तेवढं पुसून मी ती लावली. वेग काळी चारवर आणला. इतका कचरा होता की गाणं पावसात कोणी दुरून हाक मारल्यासारखं येत होतं. मी शेवटाची वाट बघत होतो. गाणं संपलं. खरखरीतून बाईचा आवाज आला, तिचं नाव, आणि लगेच दुसरं नाव. चाचांचं. पुसट होतं पण होतं. मी ताडकन उठलो आणि खोलीत फेऱ्या मारायला लागलो.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? फोनो उचलला असता, बोरी अरबची मोटार धरली असती आणि म्हाताऱ्याच्या पुढ्यात ती तबकडी वाजवली असती, आहे तशी, कचऱ्यासकट. त्यांनी तेवढंच मागितलं होतं. आयकव मले, इतकंच. पण माझ्या डोक्यात चाचा नव्हतेच, वकील होता. तो म्हणणार, यात काय ऐकू येतंय, तुला हवं ते तू ऐकतोस. मला त्याला तोंड उघडायला जागा ठेवायची नव्हती. दुसऱ्या दिवशी सुई देताना मी त्यांना सांगून टाकलं, "साहेब, जुनी प्रत मिळाली. रविवारी आणतो."

"आण," ते म्हणाले.

रविवारी सकाळी मी ओट्यावर उन्हात बसलो. तबकडी मांडीवर फडक्यात, बाजूला कापूस आणि सरकारी स्पिरिट. बारा तासांत बारा जखमा पुसणारा माणूस मी, स्पिरिटनं जे निघत नाही ते निघतच नाही अशी माझी श्रद्धा. सुरुवात मी आतल्या बाजूनं, कागदालगत केली, कारण नाव तिथं होतं आणि तीच जागा मला सगळ्यात स्वच्छ हवी होती. बोळा काळा झाला. मला वाटलं, मळ निघतोय. दुसरा बोळा घेतला, तोही काळा. मी खूश होऊन आणखी घासलं. पाच-सहा बोळे झाल्यावर बोट चिकटायला लागलं. ऊन तिरपं धरून पाहिलं तर आतल्या दोन बोटं भागात रेघाच नव्हत्या. राखाडी, मऊ, गुळगुळीत पट्टा होता. तो काळेपणा मळाचा नव्हता, तबकडीचा होता.

जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. वर्षभरापूर्वी दवाखान्याच्या खुर्च्यांना पॉलिश करायला सुतार आला होता, तो लाखेच्या पापड्या स्पिरिटमध्येच कालवत होता, आणि ते स्पिरिट मीच त्याला मोजून दिलं होतं. वकिलानं एकदा जरी जुन्या तबकडीला हात लावू दिला असता, ती कशी पुसतात ते दाखवलं असतं, तर हे झालं नसतं, असं मी कित्येक वर्षं म्हणत आलो. ते खरं आहे. पण घासत होतो तो मी.

तरीही मी तबकडी लावून पाहिली. गाणं आलं, आधीसारखंच कचऱ्यातून आलं, आणि शेवटाशी येताच सुई सरळ घसरत कागदावर जाऊन थांबली.

बैठकीला मी रिकाम्या हातानं गेलो आणि झालं ते सांगितलं. वकीलसाहेब शांतपणे ऐकत होते. मग मंडळींना म्हणाले, "म्हणजे पुरावा होता, आणि साक्षीदारानंच तो पुसून टाकला. आमच्या कोर्टात असं रोज होतं." सगळे हसले. मी सांगितलं की मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. "तू ऐकलंस," ते म्हणाले, आणि दुसरी तबकडी काढायला कपाटाकडे वळले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरी सुई द्यायला जायला मी नकार दिला. डॉक्टर रागावले, माझ्या कामाच्या नोंदीत शेरा मारला. मारू दे म्हटलं.

त्या आठवड्यात बोरी अरबला गेलो. चाचा अंगणात बाजेवर बसले होते, डोळ्यांनी आता जवळजवळ काही दिसत नव्हतं. मी तबकडी त्यांच्या हातात दिली आणि सगळं खरं सांगितलं, महागावची बरणी, स्पिरिट, सगळं. त्यांनी तबकडीवरून बोट फिरवलं, रेघांवरून आत आत, आणि गुळगुळीत पट्ट्यावर थांबले. मला वाटलं आता शिव्या देतील. मला त्या हव्या होत्या.

"जाऊ दे," ते म्हणाले. "तू तं आयकलं नं?"

"हो चाचा. नाव होतं. तिनं घेतलं तुमचं नाव. मी सोता आयकलं."

त्यांचा चेहरा उजळला. ते माझ्याकडे सरकून बसले. "कसं घेतलं रे? सांग बरं मले. कोन्या आवाजात घेतलं?"

मी तोंड उघडलं आणि मला काही आठवेना. नाव आहे की नाही, एवढंच मी ऐकलं होतं. वकिलाच्या तोंडावर मारायला मला ते हवं होतं, मिळालं, आणि मी उठून खोलीत फेऱ्या मारत सुटलो होतो. तबकडीच्या शेपटाचं अक्षर ओळखणारा मी, अर्धा सूर चढला की ज्याला झोप लागत नाही तो मी, आणि त्या बाईनं ते नाव कसं उच्चारलं ते मी ऐकलंच नव्हतं. म्हातारा वाट बघत होता. त्याला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "हासत घेतलं, चाचा. हासून घेतलं तुमचं नाव."

 मग त्यांनी तबकडी माझ्या मांडीवर परत ठेवली.

"सात वर्स म्या तिच्या मागं बसलो," ते म्हणाले. "थे कधी हासली नाही. कोनापुढंच नाही." त्यांनी चाचपडत माझा हात शोधला आणि थोपटला. "तू चांगला मानूस हायेस. म्हाताऱ्याचं मन राखाले बोलून राह्यला. पन तू नाही आयकली."

मी शपथा घेतल्या. बापाची घेतली, लेकराची घेतली, कशाचा उपयोग झाला नाही. ते माझी समजूत घालत होते. चहा सांगितला, डोळ्यांचं औषध कधी घालायचं ते विचारलं.

ती लाँग प्लेही मी पुढं विकत घेतली, त्यामुळं त्या मुलतानीच्या तिन्ही छपाया आजही माझ्याकडे आहेत. त्या पुढं-मागं लावून मी कोणालाही सांगू शकतो की कुठं किती सूर चढला आणि सारंगी कुठं बुजली. लोक म्हणतात, काय कान आहे. मला त्यांचा राग येतो. चाचा त्यानंतर दोन वर्षांनी वारले, आणि वारले तेव्हा त्यांच्या लेखी ती तबकडी कोणीच ऐकलेली नव्हती.